वायफाय ड्रायव्हरची रांग पॅकेटांत नाही, मिलिसेकंदांत मोजायची

तुमचा प्रश्न मला जसा समजलाय तसा आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही लिनक्सवर एका एसडीआयओ (मेमरी कार्डाच्या जातीची जोडणी) वायफाय चिपचा ड्रायव्हर लिहिताय, मॅक८०२११ वर (कर्नलमधला वायफायचा सामाईक थर) बसणारा, ॲक्सेस पॉइंट मोडसाठी. जवळचा लॅपटॉप ४३३ एमबीपीएसला जोडलेला असतो तोवर सगळं छान चालतं, पण लांबच्या खोलीतला जुना फोन ६ एमबीपीएसवर आला आणि त्याच्यावर डाउनलोड सुरू झालं की लॅपटॉपचं पिंगसुद्धा दोन सेकंदांवर जातं. ड्रायव्हरमधली रांग १००० पॅकेटवरून ६४ वर आणली तेव्हा पिंग सुधारलं पण लॅपटॉपचा स्पीड एक तृतीयांशावर आला. मग तुम्ही पॅकेट आत येतानाच त्यावर टाइमस्टॅम्प मारायला लागलात आणि २० मिलिसेकंदांपेक्षा जुनं झालेलं पॅकेट टाकून द्यायला लागलात, तर आता दर चार-सव्वाचार सेकंदांनी एकदम पॅकेटांचा झुपका ड्रॉप होतो आणि कारण सापडत नाही.

ही तीन वेगळी दुखणी वाटतायत पण मूळ एकच आहे. रांग वेळेत मोजली गेली नाही, आणि जेव्हा वेळेत मोजायला घेतली तेव्हा घड्याळ कुठलं, ते कुठे बघायचं आणि वाचलेली वेळ ठेवायची कुठे याचा विचार राहून गेला. मी गेली बरीच वर्षं हेच काम करतोय आणि यातली प्रत्येक चूक माझ्या हातूनही झालेली आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी साधा हिशोब करू. १५०० बाइटचं पॅकेट म्हणजे १२००० बिट. ६ एमबीपीएसला ते हवेत २ मिलिसेकंद घेतं, ४३३ ला साधारण २८ मायक्रोसेकंद, आणि यात प्रीॲम्बल, अ‍ॅक, बॅकऑफ वगैरे (फ्रेमआधीचा इशारा, पोचपावती, पाठवण्याआधीची थांबणी) धरलेलंच नाही. म्हणजे १००० पॅकेटची तीच रांग लॅपटॉपसाठी २८ मिलिसेकंदांची आहे आणि फोनसाठी २ सेकंदांची. तुमचं पिंग बरोबर दोन सेकंदांवर जातंय यात गूढ काहीच नाही, लॅपटॉपचं छोटंसं पिंग फोनच्या हजार पॅकेटांच्या मागे उभं राहतंय. रेशनच्या दुकानासमोर दहा माणसं उभी आहेत एवढ्यावरून आपला नंबर कधी लागेल ते सांगता येत नाही, प्रत्येकाला दुकानदार किती वेळ देतोय ते कळायला लागतं. वायफायमध्ये हा 'किती वेळ' एकाच रांगेत बहात्तर पटीने, जुन्या १ एमबीपीएसच्या रेटपर्यंत गेलात तर शेकडो पटीने बदलतो, आणि तोही सेकंदासेकंदाला, कारण माणूस फोन घेऊन उठून दुसऱ्या खोलीत जातो.

मग ६४ केल्यावर स्पीड का पडला? कारण ॲग्रिगेशन. वायफायमध्ये हवा आपल्या ताब्यात यायलाच बराच वेळ जातो, वाट बघा, बॅकऑफ घ्या, प्रीॲम्बल पाठवा, आणि हा खर्च एका पॅकेटला जेवढा तेवढाच साठ पॅकेटांना. म्हणून ८०२.११एन पासून एका फटक्यात अनेक फ्रेम जोडून पाठवतात आणि एकच ब्लॉक अ‍ॅक घेतात, एन आणि एसी मध्ये त्याची खिडकी ६४ फ्रेमची, एएक्स मध्ये २५६ पर्यंत. आमच्याकडे साताऱ्या-सांगलीकडे वडाप जीप चालते ना तसं आहे हे, भरल्याशिवाय सुटत नाही कारण रिकामी गेली काय आणि भरलेली गेली काय, डिझेल तेवढंच. आता तुमची पूर्ण रांगच ६४ ची केली म्हणजे झालं काय, की एक जीप भरून रस्त्याला लागली आणि स्टँडवर दुसरीत बसायला माणूसच नाही. ती परत येईपर्यंत, म्हणजे टीएक्स स्टेटस (चिपचा 'पॅकेट गेलं' हा निरोप) येईपर्यंत, हवा मोकळी पडलेली. त्यात त्या ६४ जागांमधल्या निम्म्याअधिक फोनच्या पॅकेटांनी अडवलेल्या, कारण ती हळू जातात म्हणून जागा सोडत नाहीत. लॅपटॉपला वडाप भरायलाच पॅकेट मिळत नाहीत, मग एक तृतीयांश स्पीड मिळाला यात नवल नाही.

बरोबर नियम असा की एक जीप रस्त्यावर आणि एक स्टँडवर भरत असलेली, बस. एथ९के ड्रायव्हरने फार आधीपासून हेच धरलं, हार्डवेअरच्या रांगेत दोन ॲग्रिगेट असले की तिसरं बांधायचं नाही. एका फटक्याची कमाल लांबीही ठरलेली आहे, ५.४८४ मिलिसेकंद, त्यामुळे दोन ॲग्रिगेट म्हणजे वाईटात वाईट ११ मिलिसेकंद. पण एथ९के ला हे जमलं कारण तिथे ॲग्रिगेट ड्रायव्हर स्वतः बांधतो. तुमच्या चिपमध्ये ते फर्मवेअर बांधतं आणि तुम्हाला आतलं काही दिसत नाही, तुम्हाला फक्त 'अजून इतकी बफर रिकामी आहेत' एवढं क्रेडिट मिळतं. आणि इथेच सगळे फसतात, बफर रिकामं दिसलं की भरायचं. रिंगमध्ये, म्हणजे चिपच्या बफरांत, जागा आहे हे पॅकेट ओढण्याचं कारणच नाही, हे मी नवीन पोरांना पहिल्या दिवशी सांगतो.

इथरनेटवाल्यांनी हा प्रश्न ३.३ कर्नलमध्ये बीक्यूएल आणून सोडवला, रिंगमध्ये किती बाइट पडून आहेत ते मोजायचे आणि मर्यादा आपोआप शिकायची. इथरनेटचा स्पीड ठरलेला असतो म्हणून बाइट म्हणजेच वेळ. वायफायमध्ये तसं नाही म्हणून तोच उपाय इथे चिकटवून चालला नाही, आणि नंतर ५.५ कर्नलमध्ये एक्यूएल आलं, म्हणजे एअरटाइमवर मर्यादा. कल्पना अगदी सरळ आहे. पॅकेट ड्रायव्हरकडे देताना त्या स्टेशनच्या (जोडलेल्या उपकरणाच्या) सध्याच्या रेटवरून ते हवेत किती मायक्रोसेकंद घेईल याचा अंदाज काढायचा आणि त्या स्टेशनच्या खात्यावर मांडायचा, टीएक्स स्टेटस आलं की तेवढे वजा करायचे. डीफॉल्ट आकडे आहेत खालची मर्यादा ५००० मायक्रोसेकंद, वरची १२०००, आणि पूर्ण रेडिओची २४०००. एखाद्या स्टेशनचं खातं ५ मिलिसेकंदांच्या आत असेल तर त्याला पॅकेट मिळतंच, त्याच्यावर असेल तर एकूण रेडिओवरचं उधार २४ च्या आत असेपर्यंतच १२ पर्यंत जाऊ देतात. म्हणजे एकटं स्टेशन असेल तेव्हा मोकळीक, गर्दी झाली की प्रत्येकाला आखडता हात. डीबगएफएसमध्ये (कर्नलच्या तपासणीच्या फाइलींची जागा) फायच्या, म्हणजे त्या रेडिओच्या, फोल्डरमध्ये हे आकडे दिसतात आणि बदलताही येतात, पण आधी डीफॉल्टवरच चालवून बघा, बहुतेक वेळा ते ठीक आहेत.

आता तुम्ही काय करायचं, तर स्वतःची रांग काढूनच टाका. पूर्ण. मॅक८०२११ मध्ये प्रत्येक स्टेशन आणि प्रत्येक टिड (ट्रॅफिकचा प्रकार) मागे एक मधली रांग आहे, तिच्यात फ्लो (एकेका जोडणीची पॅकेट) वेगवेगळे ठेवणारी यंत्रणा आहे, ४०९६ फ्लोची, त्यामुळे एका माणसाचं डाउनलोड त्याच्याच पिंगला अडवत नाही. तुमच्या ड्रायव्हरने फक्त 'रांगेत काहीतरी आहे' हा निरोप मिळाला की शेड्यूल सुरू करायचं, पुढची रांग मागायची, तिच्यातून एकेक पॅकेट उपसायचं आणि फर्मवेअरला द्यायचं, परवानगी नाही म्हटलं की थांबायचं. ढकलण्याऐवजी ओढायचं. जुन्या पद्धतीत ड्रायव्हर भरला की पूर्ण क्यूच थांबवायचे, ते व्हॉइस, व्हिडिओ, बेस्ट एफर्ट, बॅकग्राउंड असे चारच क्यू, त्यामुळे एका हळू फोनसाठी थांबवलं की सगळी स्टेशनं थांबायची. ते सोडा. ६.२ पासून तर मॅक८०२११ स्वतःच सगळ्या ड्रायव्हरांना या मधल्या रांगेतून नेतं, जुना मार्ग आता उरलेला नाही. २०१७ मध्ये टोके हॉइलँड-यॉर्गेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एथ९के वर हे करून मोजलं तेव्हा लोडखालची लेटन्सी दहापट घटली आणि हळू स्टेशनामुळे सगळ्यांचा स्पीड पडायचा तो प्रकारही जवळजवळ गेला, ते वाचून मी स्वतः माझ्या तेव्हाच्या ड्रायव्हरमधल्या बाराशे ओळी काढल्या होत्या आणि मला त्याचा फार आनंद झाला होता.

एक गोष्ट मात्र फार सांभाळा. एक्यूएलमध्ये घेतलेलं प्रत्येक पॅकेट परत करायचंच, यशस्वी झालं तरी, फेल झालं तरी, तुम्ही स्वतः टाकून दिलं तरी. मी एकदा फर्मवेअर क्रॅश झाल्यावर चिप रीसेट करायचा कोड लिहिला, त्यात अडकलेली पॅकेट नुसती मोकळी केली, मॅक८०२११ च्या फंक्शनने न करता थेट कर्नलच्या. मेमरी लीक नाही, काही नाही, सगळं स्वच्छ दिसतंय, पण त्या स्टेशनच्या खात्यावरचे मायक्रोसेकंद कोणी वजाच केले नाहीत. तीन-चार रीसेटनंतर खातं १२ मिलिसेकंदांच्या वर जाऊन बसलं आणि त्या फोनला पुन्हा जोडेपर्यंत एकही पॅकेट मिळेना. ग्राहकाची तक्रार होती 'रात्री कधीतरी वायफाय बंद पडतं', आणि ते शोधायला आम्हाला तीन आठवडे लागले. तेव्हा पॅकेट टाकायचं असेल तर मॅक८०२११ चंच फ्री फंक्शन वापरा, हा नियम मोडू नका.

स्वतःची रांग ठेवू नका म्हणतो त्याचं दुसरं कारण सिक्वेन्स नंबर आणि एन्क्रिप्शनचा पॅकेट नंबर. हे फार लोक विसरतात. फ्रेम रांगेत घालतानाच तुम्ही तिला सिक्वेन्स नंबर दिला आणि नंतर रांगेतून ती टाकून दिली, तर समोरच्याच्या दृष्टीने मधला एक नंबर हरवलेला आहे. ब्लॉक अ‍ॅकवाला रिसीव्हर त्या नंबरची वाट बघत मागच्या सगळ्या फ्रेम अडवून धरतो, लिनक्समध्येच बघा, रीऑर्डर बफरचा टाइमआउट १०० मिलिसेकंद आहे. म्हणजे तुम्ही लेटन्सी कमी करायला एक पॅकेट टाकलं आणि समोर १०० मिलिसेकंदांची खिळ बसवली. पॅकेट नंबरचं त्याहून वाईट, सीसीएमपी (वायफायच्या एन्क्रिप्शनची पद्धत) मध्ये तो ४८ बिटचा असतो आणि वाढतच जायला हवा, रांगेत मागची फ्रेम पुढे काढली की तिचा नंबर मोठा, मग मूळची पुढची गेली की समोरचा म्हणणार हा रीप्ले आहे आणि गुपचूप टाकून देणार. म्हणून मॅक८०२११ ने पाठवण्याचं काम दोन भागांत तोडलंय, रांगेत जायच्या आधीचं आणि रांगेतून बाहेर पडतानाचं, आणि हे दोन्ही नंबर बाहेर पडतानाच दिले जातात. तुमचं फर्मवेअर हे नंबर स्वतः देत असेल तर उत्तम, नसेल तर तुम्ही उपसल्यानंतर पॅकेट पुन्हा मागेपुढे करायचं नाही आणि टाकायचंही नाही. उपसलं म्हणजे ते आता पाठवायचंच.

आता टाइमस्टॅम्प. तुमच्या दर चार-सव्वाचार सेकंदांच्या झुपक्याचं उत्तर मी कोड न बघता देऊ शकतो, कारण हाच आकडा मी एकदा रात्री दोन वाजता पाठ केलाय. नॅनोसेकंदातली वेळ ३२ बिटच्या व्हेरिएबलमध्ये ठेवली की ती दर ४.२९ सेकंदांनी गुंडाळून शून्यावर येते. तुम्ही बहुतेक जागा वाचवायला ६४ बिटचे ३२ केले असणार आणि तपासणी अशी लिहिली असणार की 'आत्ताची वेळ, आत आल्याची वेळ अधिक २० मिलिसेकंद यापेक्षा मोठी असेल तर टाक'. गुंडाळायच्या आधीच्या शेवटच्या २० मिलिसेकंदांत आलेल्या प्रत्येक पॅकेटची ती बेरीज ओव्हरफ्लो होऊन एकदम छोटी होते, आत्ताची वेळ तिच्यापेक्षा मोठी ठरते, आणि त्या २० मिलिसेकंदांतली सगळी पॅकेट कालबाह्य ठरून जातात. आमच्याकडे ते एका स्पीकरच्या आवाजात टिक् असं ऐकू यायचं, ठराविक अंतराने, आणि एका सहकाऱ्याने मोबाइलच्या स्टॉपवॉचवर ते अंतर मोजलं तेव्हा उलगडा झाला. उपाय एका ओळीचा आहे, बेरीज करून तुलना करायची नाही, वजाबाकी करायची. आत्ताची वेळ वजा आत आल्याची वेळ, तीही साइन नसलेल्या ३२ बिटमध्येच, म्हणजे गुंडाळली तरी फरक बरोबर येतो, आणि मग तो फरक २० शी ताडायचा. कर्नलच्या कोडेलमध्येही (रांगेत फार थांबलेली पॅकेट टाकणारी पद्धत, पुढे येईलच) ३२ बिटच वापरलेत पण नॅनोसेकंद १० बिटने उजवीकडे सरकवून, त्यामुळे एकक १.०२४ मायक्रोसेकंदांचं होतं आणि गुंडाळायला ७३ मिनिटं लागतात, आणि तुलना नेहमी फरकावरच असते.

जिफीज, म्हणजे कर्नलचा टिक मोजणारा आकडा, वापरायचा मोह होईल, नका वापरू. एम्बेडेड बोर्डावर बऱ्याचदा सेकंदाला १०० टिक ठेवलेले असतात, म्हणजे एक टिक १० मिलिसेकंदांची, त्यात ५ किंवा २० मिलिसेकंदांची मर्यादा मोजणं म्हणजे मीटरपट्टीने सुई मोजणं. टाइमआउटला जिफीज ठीक आहेत, तिथे तुलनेचे तयार मॅक्रो वापरा, कर्नलवाल्यांनी मुद्दाम जिफीजची सुरुवात अशी ठेवलीय की बूटनंतर ५ मिनिटांत ते ३२ बिटमध्ये गुंडाळतात, ते याचसाठी की चुकीची तुलना टेस्टिंगमध्येच उघडी पडावी.

आणि कुठलं घड्याळ? मोनोटॉनिक, म्हणजे फक्त पुढेच जाणारं. भिंतीवरचं घड्याळ म्हणजे रिअलटाइम कधीच नाही. आमच्या एका गेटवेमध्ये बॅटरीवालं घड्याळ नव्हतं, बूट झाला की तारीख कुठल्यातरी जुन्या वर्षाची, मग वायफाय जोडलं जायचं, इंटरनेट यायचं, एनटीपीचं (इंटरनेटवरून वेळ आणणारी सेवा) उत्तर यायचं आणि घड्याळ काही वर्षं पुढे उडी मारायचं. त्या क्षणी रांगेत असलेलं प्रत्येक पॅकेट काही वर्षं जुनं ठरायचं. बूटनंतर एकदाच कनेक्शन हिसका खायचं, पुन्हा दिवसभर नाही, म्हणून कोणी लक्षच देत नव्हतं. सस्पेंडचा वेळही धरायचा असेल तर बूटटाइम घड्याळ आहे, पण रांगेच्या कामाला ते लागत नाही कारण सस्पेंडला जाताना रांग रिकामी करूनच जायचं.

तो टाइमस्टॅम्प ठेवायचा कुठे, हा तिसरा प्रश्न. एसकेबीमध्ये (कर्नलमध्ये पॅकेट ठेवायची रचना) टीस्टॅम्प नावाचं फील्ड आयतं दिसतं आणि सगळे तिथेच लिहितात. ते तुमचं नाही. पॅकेट आत येताना त्यात रिअलटाइम घड्याळाची पोचल्याची वेळ असते, आणि ४.२० कर्नलपासून बाहेर जाताना त्याचा अर्थ 'हे पॅकेट या वेळेआधी सोडू नका' असा होतो, तोही मोनोटॉनिक घड्याळात. एकाच फील्डला दोन अर्थ आणि दोन घड्याळं. राउटरवर एका बाजूने आलेलं पॅकेट दुसऱ्या बाजूने पाठवताना ते पुसायचं राहिलं तर शेड्यूलरला वाटतं हे पॅकेट पन्नास वर्षांनी सोडायचंय, कारण रिअलटाइम १९७० पासून मोजतं आणि मोनोटॉनिक बूटपासून. म्हणून फॉरवर्ड करताना ते पुसलं जातं, आणि ५.१८ मध्ये कुठला अर्थ चालू आहे ते सांगणारा वेगळा बिट आला. तुम्ही तिथे आपली वेळ लिहिलीत की वरचं पेसिंग, पॅकेट कॅप्चर, सगळंच बिघडतं.

दुसरी जागा म्हणजे एसकेबीमधलीच सीबी, ४८ बाइटची. मॅक८०२११ ती पूर्ण वापरतं, आणि आत युनियन आहे, म्हणजे पाठवण्याआधी ज्या बाइटांत कंट्रोलची माहिती असते, त्याच बाइटांवर नंतर ड्रायव्हरचा डेटा आणि शेवटी टीएक्स स्टेटस बसतं. कोडेलची आत आल्याची वेळसुद्धा त्या कंट्रोलच्या भागातच असते. पॅकेट उपसल्यावर तुम्ही ड्रायव्हरच्या जागेत आपलं काही लिहिलं की ती वेळ, तो व्हीआयएफचा (वायफाय इंटरफेसचा) पॉइंटर, एन्क्रिप्शनची की, सगळं पुसलं गेलं असं समजा. जे हवंय ते आधी वाचून घ्या, मग लिहा. आणि लिहिल्यानंतर ते पॅकेट परत रांगेत घालायचं नाही, हा परत तोच नियम आला.

खरं तर मधली रांग वापरलीत तर तुम्हाला वय तपासायची गरजच उरत नाही, कोडेल ते करतं आणि तुमच्यापेक्षा शहाणपणाने करतं. केथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये तो मांडला, मुद्दा हाच की रांगेची लांबी न बघता पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते बघायचं, आत येताना वेळ टिपायची आणि बाहेर पडताना तपासायची. पण वय जास्त दिसलं की लगेच टाकत नाही तो. मूळ आकडे ५ आणि १०० मिलिसेकंद, थांबण्याची वेळ ५ च्या वर गेली आणि सलग १०० मिलिसेकंद वरच राहिली तरच पहिलं पॅकेट टाकतो, मग हळूहळू लवकर लवकर, आणि रांगेत एखाद्याच पॅकेटएवढा माल उरला असेल तर टाकतच नाही. वायफायमध्ये हा फरक जिवावरचा आहे कारण इथे स्टेशन झोपतात. फोन झोपेत असताना त्याची पॅकेट रांगेत ८०-१०० मिलिसेकंद सहज थांबतात, बीकनच (ॲक्सेस पॉइंटची ठराविक हाक) १०२.४ मिलिसेकंदांनी येतो. तुमच्या २० मिलिसेकंदांच्या कडक नियमाने फोन जागा होताच त्याची सगळी पॅकेट कचऱ्यात. कोडेल तो झुपका जाऊ देतो कारण तो लगेच ओसरतो. मॅक८०२११ ने वायफायसाठी ५ चे २० केलेत, आणि ज्या स्टेशनचा अपेक्षित स्पीड फारच कमी त्याच्यासाठी काही वर्षं ५० आणि ३०० होते.

पण, आणि सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, कोडेलला फक्त मधल्या रांगेतला वेळ दिसतो. पॅकेट तुम्ही उपसलं की त्याचं घड्याळ बंद. फर्मवेअरच्या पोटात तुम्ही दीड सेकंदाचा माल भरून ठेवलात तर कोडेलच्या दृष्टीने पॅकेट २ मिलिसेकंदांत गेलं, रांग निरोगी आहे. म्हणून एक्यूएल आणि कोडेल ही जोडी आहे, एक नसेल तर दुसरं आंधळं.

आत येणाऱ्या फ्रेमच्या टाइमस्टॅम्पबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण पुढे लागेल म्हणून थोडक्यात. चिप फ्रेमवर टीएसएफची (वायफायच्या स्वतःच्या घड्याळाची) वेळ मारते, टीएसएफ ६४ बिटचा मायक्रोसेकंद काउंटर आहे पण डिस्क्रिप्टरमध्ये बहुधा खालचे ३२ बिटच मिळतात, काही जुन्या चिपमध्ये १५, म्हणजे ३२.७६८ मिलिसेकंदांतच गुंडाळणारे. मग पूर्ण टीएसएफ वाचून वरचे बिट जोडायचे. फ्रेमचा शिक्का आधी बसलाय आणि टीएसएफ तुम्ही नंतर वाचलाय, त्यामुळे शिक्क्याचे खालचे बिट मोठे दिसले तर मध्ये एक फेरी झाली, वरचा भाग एकाने कमी करा. एसडीआयओवर टीएसएफ वाचायलाही वेळ जातो, म्हणून दर फ्रेमला वाचू नका, एका खेपेला एकदा पुरे. आणि हा शिक्का फ्रेमच्या सुरुवातीचा आहे की शेवटचा ते फ्लॅगने खरं खरं सांगा, माहीत नसेल तर फ्लॅग लावूच नका. बीकन आणि प्रोब रिस्पॉन्सला बूटटाइममधली वेळही भरा, स्कॅनचे निकाल किती ताजे आहेत ते वरच्यांना त्यावरून कळतं.

मोजणी करताना आयपर्फ (स्पीड मोजणारं साधन) ॲक्सेस पॉइंटवरच चालवू नका, मागे इथरनेटला जोडलेल्या वेगळ्या मशीनवर चालवा. बोर्डाचा सीपीयू तर मध्ये येतोच, शिवाय बोर्डावरच्याच टीसीपी सॉकेटला स्मॉल क्यूची मर्यादा (एका सॉकेटने खाली किती माल साठवायचा ती) लागते, मॅक८०२११ ती ॲग्रिगेशनसाठी १ वरून ८ मिलिसेकंदांच्या आसपास सैल करतं, पण ड्रायव्हर नीट बसलेला नसेल तर तुम्ही स्वतःच्या रांगेला दोष देत बसाल आणि कारण भलतंच असेल. फ्लेंट वापरा, एकाच वेळी चढता-उतरता लोड आणि पिंग देतं, आणि सरासरी बघू नका, शंभरातली वाईट पाच पिंग बघा. टेस्टला दोन स्टेशन हवीतच, त्यातलं एक रेट बांधून ६ वर ठेवलेलं. एका स्टेशनावर सगळेच ड्रायव्हर चांगले दिसतात.

आणि कोड बदलायच्या आधी एक काम आजच करा. ड्रायव्हरमध्ये दोन ठिकाणी ट्रेस टाका, पॅकेट फर्मवेअरला दिलं तेव्हा आणि त्याचं टीएक्स स्टेटस आलं तेव्हा, दोन्हीकडे तेच मोनोटॉनिक घड्याळ. ६ वर बांधलेल्या फोनवर रिकाम्या वेळी एकेकच मोठं, १५०० बाइटचं पिंग टाका. ते २ मिलिसेकंदांच्या आत हवेतून जाऊच शकत नाही. स्टेटस त्याच्या आधी, समजा ३००-४०० मायक्रोसेकंदांत आलं, तर तुमचं फर्मवेअर पॅकेट आपल्या मेमरीत कॉपी झालं की लगेच 'पाठवलं' म्हणून सांगतंय, आणि तसं असेल तर एक्यूएलचा सगळा हिशोब खोटा पडतो, वर कितीही नीट कोड लिहिला तरी आत माल साचतच राहणार. मग चिपवाल्यांकडे खरं स्टेटस देणारं फर्मवेअर मागा, ते येईपर्यंत क्रेडिटचा आकडा तुम्हीच स्टेशनच्या रेटप्रमाणे छाटा, ६ एमबीपीएसच्या फोनला एका वेळी चार-पाच पॅकेट, त्याहून जास्त नाही, लॅपटॉपला दोन ॲग्रिगेट भरतील एवढी म्हणजे १२८. स्टेटस जर २ मिलिसेकंदांनंतर येत असेल तर लोड लावून तोच फरक पुन्हा बघा, तो १२ मिलिसेकंदांच्या आसपास राहायला हवा, शेकड्यात गेला तर अजून कुठेतरी एक रांग आहे जी तुम्हाला सापडलेली नाही.